गावाकडचा तांदूळ, पिवळे दाणे आणि बुरशीचं विष

लांज्याची_सून | ८ डिसेंबर, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. दरवर्षी दिवाळी झाली की गावाहून आमच्या काकू (सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई) तांदळाची दोन पोती पाठवतात. घरच्या शेतातला, गावच्या गिरणीवर भरडलेला. लग्न झाल्यापासून आम्ही विकतचा तांदूळ क्वचितच आणला आहे.

यंदा पोत्याचं तोंड सोडलं आणि कुबट वास आला. सुपात घेऊन पाहिलं तर मुठीमागे चार-पाच दाणे पिवळट, काहींच्या टोकाला करडे ठिपके. काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, यंदा कापणीतच पाऊस लागला. कापलेलं भात चार दिवस मळ्यात भिजत पडलं होतं. ऊन दाखव, तीन पाण्यांनी धू, काही होत नाही. आम्ही तोच खातोय."

माझी लेक दोन वर्षांची आहे. दोन्ही वेळा मऊ भातच खाते. बुरशीमुळे धान्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं एवढं वाचलं आणि झोप उडाली. धुतल्याने ते जातं का? कुकरमध्ये मरतं का? पिवळे दाणे निवडून काढले तर बाकीचा तांदूळ चालेल? आणि सगळ्यात अवघड म्हणजे काकूंना हे कसं सांगायचं? सहा महिने राबून पाठवलेलं धान्य आहे ते.

मेतकूट_भात | ८ डिसेंबर, रात्री १०:४०

वाचतेय. आमच्याकडेही यंदा असाच आलाय, पेणहून.

दापोलीकर | ८ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, एवढं घाबरू नका. आमच्या चार पिढ्या पावसात भिजलेला तांदूळ खात आल्या. आजोबा ८८ वर्षांचे होऊन गेले. कडक उन्हात दोन दिवस घाला, वास जाईल. हल्ली कशालाही विष म्हणायची पद्धत पडली आहे.

सूक्ष्मजीव | ९ डिसेंबर, सकाळी ७:२०

मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बुरशी वेगळी आणि बुरशीने तयार केलेलं विष वेगळं. ऊन दाखवल्याने बुरशीची वाढ थांबते, वास कमी होतो. पण तोवर दाण्यात जे विष तयार झालं असेल ते तिथेच राहतं. अफ्लाटॉक्सिन उष्णतेला फार चिवट आहे. त्याचे रेणू तुटायला अडीचशे अंशांच्या पुढे तापमान लागतं आणि आपला कुकर जेमतेम १२० अंशांपर्यंत जातो. कुकरमध्ये शिजवल्यावर प्रमाण काहीसं घटल्याचं प्रयोगांत दिसलंय, पण 'मरतं' असं नाही म्हणता येणार. धुण्याचंही तसंच. हे विष पाण्यात फारसं विरघळत नाही. धुतल्याने वरचा भुसा, कोंड्याची पूड आणि तिच्यासोबतचं थोडं विष निघून जातं, इतकंच.

पिवळे दाणे निवडल्याने मात्र खरोखर फरक पडतो, कारण विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजार दाणे स्वच्छ आणि एकच दाणा भरलेला, असंही असतं. मोठ्या गिरण्यांत रंग ओळखून दाणे उडवणारी यंत्रं असतात (सॉर्टेक्स तांदूळ म्हणतात तो हाच), ती हेच काम करतात. पण प्रत्येक पिवळा दाणा विषारी नसतो. ओल्या भाताचा ढीग आतून तापला तरी दाणे पिवळे पडतात. उलट दिसायला पांढराशुभ्र दाणा विषारी असू शकतो. म्हणून निवडल्याने धोका कमी होतो, संपत नाही.

दापोलीकर, आजोबांबद्दल आदर आहेच. पण हे विष लगेच उलटी-जुलाब करून दाखवणारं नाही. थोडं थोडं, वर्षानुवर्षं यकृतावर काम करतं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. ज्याला हिपॅटायटिस-बी आहे त्याच्या बाबतीत हा धोका कित्येक पटींनी वाढतो. लेकीची हिपॅटायटिस-बीची लस पूर्ण झाली आहे ना, तेवढं मात्र आजच कार्डावर बघा.

माझं स्पष्ट मत: ज्या पोत्याला कुबट वास येतोय त्यातला भात दोन वर्षांच्या मुलीला देऊ नका.

लांज्याची_सून | ९ डिसेंबर, सकाळी ८:०२

लस पूर्ण आहे, आत्ताच कार्ड बघितलं. पोतं बाजूला ठेवलं. मनापासून आभार.

भाऊ_वैभववाडी | ९ डिसेंबर, सकाळी ९:३०

सगळे स्वयंपाकघरातलंच बोलतायत, मी शेतातलं सांगतो.

तांदळाचं बरंवाईट कुकरमध्ये ठरत नाही, ते ठरतं कापणी आणि मळणीच्या मधल्या तीन-चार दिवसांत. भात कापतो तेव्हा दाण्यात वीस ते चोवीस टक्के ओल असते. ती चौदावर आली की कणगीत भरायला हरकत नाही. वर्षभर ठेवायचं असेल तर बारा-तेरा बरी. मधल्या दिवसांत ऊन मिळालं तर सोन्यासारखं धान्य, आणि पाऊस आला तर बुरशीला आयतं अंथरूण. दमट हवा, पंचवीस-तीस अंशांची ऊब आणि ओला दाणा, अजून काय हवं तिला?

२०१९ चा ऑक्टोबर आठवतोय का? क्यार वादळ किनाऱ्यापासून लांबून गेलं, पण कापलेलं भात शेतात पाण्यावर तरंगत होतं. लोंब्यांना कोंब फुटले होते. त्या वर्षी आम्ही घराच्या ओटीवर, पडवीत, माजघरात, जिथे जागा मिळेल तिथे भात पसरलं आणि पंखे लावले. माझी आई रात्री दोनदा उठून पायाने भात परतायची. "ऊन इला काय भात वाळत घालूक होया," हे तिचं वाक्य महिनाभर ऐकलं. तरी तिसरा हिस्सा गेला.

तुमच्या काकूंची चूक नाही ताई. त्यांना ऊनच मिळालं नाही.

मेतकूट_भात | ९ डिसेंबर, सकाळी १०:११

पायाने भात परतणारी आई डोळ्यांसमोर आली. आमची आजी पण करायची, पायात पैंजण असायचे, तो आवाज अजून आठवतो.

धानवाला_गोंदिया | ९ डिसेंबर, दुपारी १:४५

आमच्याकडं पूर्व विदर्भात भात म्हणजे शिजलेला, शेतातलं ते धान. आम्ही कापून कडपा (कापून पसरलेलं धान) वाळवतो, मग पुंजणे (रचलेले ढीग) घालतो आणि सवडीनं चुरणा (मळणी) करतो. पुंजणा नीट रचला, लोंब्या आत आणि बुडखे बाहेर, वरून उतार बरोबर, तर पाऊस वरच्या वर ओघळून जातो. पण ओल्या कडपांचा पुंजणा घातला तर हात आत घालून बघा, चटका बसतो. आतून शिजतं ते.

आता हार्वेस्टर आलेत. सकाळी शेतात उभं धान, दुपारी ट्रॉलीत. कडपा वाळवायचा टप्पाच गेला. दाणा ओला असतानाच पोत्यात जातो. वेळ वाचला हे खरं, मजूर मिळत नाहीत हेही खरं, पण वाळवणीची सोय काही यंत्रासोबत आली नाही. सरकारी खरेदीत सतरा टक्क्यांपर्यंत ओल चालते. ते धान लगेच भरडाईला गेलं तर ठीक. एका वर्षी आम्ही ज्या केंद्रावर धान घातलं तिथं गोदाम भरलेलं होतं म्हणून पोती उघड्यावर ताडपत्रीखाली दोन महिने पडून होती. खालच्या थराची पोती काळी पडलेली मी डोळ्यांनी बघितली. आपण घाम गाळून पिकवलेलं असं सडताना बघवत नाही.

नेदरलँडची_प्राजक्ता | ९ डिसेंबर, दुपारी ३:२०

इथे दुकानातल्या तांदळासाठी युरोपची मर्यादा फार कडक आहे. अफ्लाटॉक्सिन बी-१ (या विषाचा सगळ्यात घातक प्रकार) किलोमागे २ मायक्रोग्रॅम आणि सगळी अफ्लाटॉक्सिनं मिळून ४. भारत आणि पाकिस्तानातून आलेल्या बासमतीच्या खेपा यावरून अडकल्याच्या सूचना इथल्या सरकारी यादीत अधूनमधून दिसतात. भारतात धान्यासाठी एकूण १५ ची मर्यादा आहे ना? मग आपल्या लोकांनी जास्त विष खायचं का? मला याचा खरंच राग येतो.

सूक्ष्मजीव | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

प्राजक्ता, राग समजतो आणि बराचसा पटतोही. आधी तर आपल्याकडे ३० ची मर्यादा होती, ती धान्यासाठी १५ वर आली. मर्यादा ठरवताना आरोग्यासोबत 'एवढी कडक केली तर किती धान्य बाद होईल' हाही विचार होतो. युरोपातला माणूस आठवड्यातून एक-दोनदा भात खातो आणि कोकणातला दिवसातून दोनदा. त्या न्यायाने आपली मर्यादा उलट जास्त कडक असायला हवी.

पण एक दिलासाही आहे. मका आणि भुईमुगाच्या मानाने भात बराच सुरक्षित असतो, कारण दाण्यावर तुसाचं चिलखत असतं. २००९ मध्ये आपल्या २० राज्यांतल्या १,२०० नमुन्यांचा अभ्यास छापून आला होता. जवळपास दोन तृतीयांश नमुन्यांत बी-१ सापडलं, पण बहुतेकांत अगदी थोडं. पुरात किंवा जोराच्या पावसात सापडलेलं धान्य त्यात वाईट निघालं होतं. भाऊंनी शेतावरून जे सांगितलं तेच.

तोक्योतला_विनू | ९ डिसेंबर, रात्री ८:१५

तांदळाच्या बुरशीचा विषय निघाला आहे तर जपानची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एकोणिसाव्या शतकात इथे 'काक्के' म्हणजे बेरीबेरीने माणसं पटापट जायची. नौदलातले डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८० च्या दशकात खलाशांचा आहार बदलून दाखवला की दोष नुसत्या पांढऱ्या तांदळावर जगण्यात आहे. पुढे ब-१ जीवनसत्त्वाचा शोध लागला, त्याच्या कमतरतेने हा रोग होतो हे कळलं आणि बहुतेकांच्या मते प्रश्न मिटला. पण बेरीबेरीचा एक प्रकार वेगळा होता. धडधाकट तरुण माणूस, अचानक धाप, छातीत धडधड, आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. १८९१ मध्ये साकाकी नावाच्या संशोधकाने बुरशी लागलेल्या तांदळाचा अर्क प्राण्यांना दिला तर पायांपासून वर चढत जाणारा लकवा होऊन ते मेले. १९१० मध्ये सरकारने तांदळाची तपासणी सुरू करून खराब तांदूळ बाजारातून काढला, आणि हा झटपट मारणारा प्रकार ओसरला. जीवनसत्त्वाचा शोध त्या वेळी अजून लोकांच्या ताटापर्यंत पोचलेलाही नव्हता.

त्या बुरशीचं विष म्हणजे सिट्रिओव्हिरिडिन. ही पेनिसिलियम जातीची बुरशी, अफ्लाटॉक्सिनवाली नव्हे. दाणा पिवळा करते म्हणून 'पिवळा तांदूळ' हेच नाव पडलं. युद्धानंतर १९५० च्या दशकात ब्रह्मदेश आणि थायलंडमधून आलेल्या तांदळात पुन्हा पिवळे दाणे निघाले. लोक इतके संतापले की सरकारला तो तांदूळ वाटता येईना. आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं तर २००६ मध्ये ब्राझीलच्या मारान्याव राज्यात बेरीबेरीची साथ आली, तिथल्या तांदळातही हेच विष सापडलं.

म्हणून ताई, पिवळा दाणा बघून तुमची झोप उडाली त्यात वेडेपणा काही नाही. एका अख्ख्या देशाची उडाली होती.

मेतकूट_भात | ९ डिसेंबर, रात्री ८:४०

विनूदादा, पण जपानी लोक तर मुद्दाम तांदळावर बुरशी चढवतात ना? साके, मिसो?

तोक्योतला_विनू | ९ डिसेंबर, रात्री ८:५५

हो, कोजी! ती अस्परजिलस ओरायझी. अफ्लाटॉक्सिन बनवणाऱ्या अस्परजिलस फ्लेव्हसची अगदी सख्खी बहीण, पण शेकडो वर्षं माणसाच्या संगतीत राहून माणसाळलेली. ती हे विष बनवत नाही. रानडुक्कर आणि पाळलेलं डुक्कर यांच्यात असतो तसा फरक समज. पण म्हणून घरच्या शिळ्या भातावर आलेल्या बुरशीला कोजी समजून कुणी प्रयोग करू नका.

फोडणीचा_भात | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

शिळ्या भातावरून विचारतो. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकतो, त्यातही हेच विष असतं का?

सूक्ष्मजीव | ९ डिसेंबर, रात्री १०:०५

नाही, ते प्रकरण जिवाणूचं आहे, बॅसिलस सेरियस. भात शिजवून रात्रभर ओट्यावर उबदार राहिला की त्यात वाढतो आणि त्याचंही एक विष फोडणीने जात नाही. भात उरला तर तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये टाका, मग खुशाल फोडणी द्या. त्याचा त्रास त्याच दिवशी कळतो, बुरशीच्या विषाचा वर्षांनी.

आजी_७४ | १० डिसेंबर, सकाळी ६:१०

मला कुणी सांगेल का, कणगी जाऊन निळे पिंप आले तेव्हापासून वास वाढले आहेत की नाही? माझ्या माहेरी बांबूची कणगी असे, आतून-बाहेरून शेणमातीने सारवलेली, खाली दगड किंवा लाकडी पाट. वर्षभर तांदूळ टिके. आता सून पिंपात भरते, झाकण घट्ट लावते आणि जूनमध्ये उघडलं की झाकणाला आतून पाण्याचे थेंब.

भाऊ_वैभववाडी | १० डिसेंबर, सकाळी ८:४५

आजी, आमच्याकडे तर मुडी असायची. पेंढ्यात घट्ट बांधलेला तांदळाचा गोल गठ्ठा, वाशाला टांगलेला. खाली चूल, धूर लागायचा, कोरडं राहायचं. आता चूल गेली, मुडी बांधणारेही फार थोडे उरले.

पण पिंप वाईट नाही हो. पूर्ण वाळलेलं धान्य हवाबंद ठेवलं तर उलट चांगलंच, कीडही गुदमरून मरते. ओलं भरलं तर मात्र घाम बाहेर जायला वाट नाही. कणगी थोडी चूक पोटात घालत असे, पिंप घालत नाही. आणि कणगीचीही एक खोड आहे: पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेतली ओल ती आत ओढून घेते. डिसेंबरात तेरा टक्के असलेलं भात ऑगस्टपर्यंत पंधरावर गेलेलं मी पाहिलंय.

मीनल_कुडाळ | १० डिसेंबर, सकाळी ११:२०

उकड्या तांदळाचं काय? आमच्याकडे पेज उकड्याचीच. सासूबाई म्हणतात उकडलेला म्हणजे निर्धोक.

सूक्ष्मजीव | १० डिसेंबर, दुपारी २:३०

मीनल, उकडण्याने बुरशी मरते खरी, पण जोखमीच्या दोन जागा आहेत. उकडण्याआधी भात एक-दोन दिवस पाण्यात भिजतं. त्या वेळी कोंड्यात विष असेल तर ते पाण्यासोबत दाण्याच्या आत सरकतं. कच्चा तांदूळ भरडताना कोंडा निघतो आणि विषाचा मोठा वाटा त्याच्यासोबत जातो. उकड्यात आत शिरलेलं विष तसं निघत नाही. दुसरी जागा म्हणजे उकडल्यावरची वाळवण. तेव्हा दाणा ओला, मऊ, गरम असतो. त्याच दिवशी ऊन मिळालं तर उत्तम उकडा, आणि दोन दिवस ढगाळ गेले तर पुन्हा बुरशी. भिजवणीचं पाणी बदला, आणि उकडा आभाळ बघूनच घाला.

हातसडीचा तांदूळ खाणाऱ्यांसाठीही हेच. कोंड्यात जीवनसत्त्वं असतात हे खरं, पण बुरशीचं विषही तिथेच जास्त साठतं. हातसडी खायचीच असेल तर भात निर्मळ वाळलेलं हवं.

दापोलीकर | १० डिसेंबर, संध्याकाळी ७:००

वाचून थोडा हललो. मग हा तांदूळ टाकायचा तरी कुठे? आमच्याकडेही अर्धं पोतं खराब आहे. कोंबड्यांना घालू का? आणि कोंडा म्हशीला?

गुरांचा_डॉक्टर | १० डिसेंबर, संध्याकाळी ७:१२

नको! दोन्ही नको!

या विषाचा शोधच मुळी पक्ष्यांमुळे लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की अचानक मेल्या. कारण कळेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' म्हटलं. शेवटी ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत बुरशी सापडली, अस्परजिलस फ्लेव्हस, आणि तिच्या नावावरूनच अ-फ्ला-टॉक्सिन. बदकाची पिल्लं तर सगळ्यांत नाजूक. कोंबडी थोडी दणकट असते, पण अंडी घटतात, वाढ खुंटते.

म्हशीचं तर अजूनच जवळचं. तिने खाल्लेलं बी-१ तिच्या यकृतात एम-१ (त्याच विषाचं दुसरं रूप) होतं आणि एक-दोन दिवसांत दुधात उतरतं. आपल्याकडे दुधात एम-१ ची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे खराब कोंडा म्हशीला घातला की तेच विष पेल्यातून लेकरापर्यंत. दिलासा एवढाच की खाणं बदललं की तीन-चार दिवसांत दूध साफ होतं.

खराब दाणे, कोंडा सगळं खोल खड्ड्यात पुरा. गोठ्यापासून आणि खळ्यापासून लांब.

दापोलीकर | १० डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

कोंडा दोन दिवस घातला होता. आत्ता बंद केला. डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

बांसवाड्याची_लेक | १० डिसेंबर, रात्री ९:०५

माझे वडील नोकरीनिमित्त दक्षिण राजस्थानात होते, तिथे ऐकलेलं सांगते. १९७४ च्या ऑक्टोबरात अवकाळी पावसाने तिथला मका भिजला. बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागातल्या आदिवासी पाड्यांवर तेवढाच मका खायला होता. माणसांना कावीळ, पोटात पाणी. ३९७ जण आजारी पडले, १०६ गेले. गावातली कुत्रीही तशीच मेली, कारण तीही तेच खात होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तपास केला तेव्हा कारण अफ्लाटॉक्सिन निघालं.

ते मक्याचं होतं, भाताचं नाही. पण परतीचा पाऊस तोच आणि 'दुसरं खायला नाही' हेही तेच. टाकून द्या म्हणणं ज्याच्या घरी दुसरं पोतं आहे त्यालाच सोपं जातं.

लांज्याची_सून | १० डिसेंबर, रात्री ९:४०

हे वाचून गप्प झाले. मी विकतचा तांदूळ आणू शकते. काकू-काका तोच खातायत. माझ्या मूळ प्रश्नात लेकीची काळजी होती, त्यांची नव्हती, याची लाज वाटली.

प्रयोगशाळेत तपासून घेऊ का? म्हणजे त्यांना सांगायला आधार मिळेल.

सूक्ष्मजीव | १० डिसेंबर, रात्री १०:२०

लाज कसली, तू विचारलंस म्हणून इतक्या जणांच्या डब्यांची झाकणं उघडली.

तपासणी करता येते, पण मूठभर नमुना पाठवून उपयोग नाही. विष ठिपक्याठिपक्यांनी असतं. पोत्याच्या वर, मध्ये, तळाशी, दहा-पंधरा जागांहून काढून दोन-तीन किलो एकत्र करायचा, सगळा दळायचा, मग त्यातला भाग तपासायचा. तरीही 'नाही सापडलं' याचा अर्थ 'नाहीच' असा होत नाही. बाजारात जांभळ्या प्रकाशाच्या विजेऱ्या मिळतात, त्याखाली चमकलं की विष असं सांगतात. त्यावर विसंबू नका.

तपासणीचा खर्च करण्यापेक्षा काकूंना एक मोठी ताडपत्री घेऊन द्या. माझं हे अगदी मनापासून सांगणं आहे.

भाऊ_वैभववाडी | १० डिसेंबर, रात्री १०:५०

ताडपत्री हवीच. आणखी एक बिनपैशाची युक्ती. काचेची कोरडी बाटली घ्या, तिसरा हिस्सा भात आणि दोन-तीन चमचे कोरडं खडखडीत मीठ घाला, झाकण लावून चांगलं हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तर ओल पंधराच्या खाली आहे; वर्षभरासाठी भरायचं तर आणखी एखादं ऊन द्या. दाताखाली दाणा 'कट्' वाजतो का ही जुनी परीक्षा आहेच, पण दात ज्याचे त्याचे.

दुसरं, वाणाचं. कर्जत-३ सारखं हळवं (लवकर पिकणारं) भात सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला तयार होतं आणि नेमकं परतीच्या पावसात सापडतं. निमगरवं (मध्यम मुदतीचं) घेतलं तर कापणी पुढे जाते.

रानकोंबडा_संगमेश्वर | ११ डिसेंबर, सकाळी ७:४०

भाऊ, इथे थोडा असहमत. मळ्याची, पाणी धरणारी जमीन असेल त्याला निमगरवं ठीक. आमची वरकस, डोंगरउताराची. पाऊस संपला की आठवड्यात जमीन फाटते. गरवं (उशिरा पिकणारं), निमगरवं पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या आधी, असतानाच पाणी संपतं आणि हाती पळंज (पोकळ दाणे) येतं. आमच्यासाठी हळवंच. मग पर्याय उरतो वाळवण्याचा. आमच्या वाडीत सहा घरांनी मिळून बांबू आणि प्लास्टिक कागदाचं एक छप्पर केलंय, खाली फळ्यांची मांडणी. कापलं की भारे थेट तिथे. यंदा एकाचंही भात काळं पडलं नाही.

आणि युरिया कमी टाका. जास्त युरियाने भात माजतं, आडवं पडतं, लोंब्या चिखलाला टेकतात. बुरशी मातीतच बसलेली असते. लोंबीवर ते हिरवे-पिवळे मखमली गोळे येतात ना, आभासमय काजळी, तीही माजलेल्या भातात जास्त. तिचंही वेगळं विष असतं. जुने लोक त्याला लक्ष्मी म्हणायचे, पीक दांडगं आलं की दिसते म्हणून. लक्ष्मी म्हणून ठेवू नका, ते गोळे मळणीआधी काढून टाका.

धानवाला_गोंदिया | ११ डिसेंबर, सकाळी ९:१५

सहा घरांचं छप्पर लई आवडलं. फोटो टाका ना, मापं पण. आमच्या गटात दाखवतो.

पोरकिडे_वैतागली | ११ डिसेंबर, दुपारी १२:३०

बोरिक पावडर लावून ठेवली तर बुरशी येत नाही का? आणि कडुलिंबाचा पाला?

सूक्ष्मजीव | ११ डिसेंबर, दुपारी १:१०

ते किड्यांसाठी असतं, ओल त्याने हटत नाही. पण किडे आवरणं बुरशीसाठीही गरजेचं आहे. सोंडे दाणा पोखरतात, त्यांच्या श्वासाने आत ऊब आणि ओल वाढते, आणि त्या जागी बुरशी धरते. बोरिक पावडर मात्र मुलं असलेल्या घरात वापरूच नका. पाला चालेल, पण सुकवून. ओला पाला घातला तर आपणच ओल आत भरली.

लांज्याची_सून | १६ डिसेंबर, रात्री ९:२५

शनिवारी आम्ही दोघं लेकीला घेऊन गावी गेलो होतो. फोनवर सांगण्यापेक्षा समोर बसून सांगावं असं वाटलं.

मी तांदळाबद्दल बोललेच नाही. ताडपत्री आणि लोणच्याची एक रिकामी काचेची बाटली काकांपुढे ठेवली आणि भाऊंची मिठाची युक्ती सांगितली. काका बीएस्सी आहेत, त्यांना गंमत वाटली. न भरडलेलं भात अजून तीन पिंपं शिल्लक होतं. पहिल्या पिंपातलं घेतलं, मीठ मोकळं राहिलं. दुसऱ्याचं पण. तिसरं, जे सगळ्यात शेवटी, पाऊस लागलेल्या कोंड्यातलं (तिथे त्या शेताला कोंडा म्हणतात, डोंगराच्या कुशीतलं), त्याचं मीठ काचेला पांढरा लेप बसावा तसं चिकटलं. काका बाटली उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले. काकूंनी पिंपात खांद्यापर्यंत हात घातला, तळाचं मूठभर वर काढलं, वास घेतला आणि काही न बोलता पदर खोचला.

तिसऱ्या पिंपाचं तळाचं भात आणि मी परत नेलेलं पोतं काकांनी बागेच्या टोकाला पुरलं. खड्डा खणताना काकू तिथे थांबल्या नाहीत. बाकीचं वरचं ताडपत्रीवर पसरलं आहे, ते वाळवून बघायचं, पुन्हा वास आला तर बियाण्याला किंवा कशालाही नाही, तेही पुरायचं असं ठरलंय. चांगल्या दोन पिंपांतलं भात भरडून त्यांना वर्षभर पुरेल. आमच्यासाठी यंदा काही पाठवायचं नाही, हे मात्र पटवायला रात्रीचे अकरा वाजले.

निघताना काकूंनी तरी एक पिशवी हातात दिली. पहिल्या पिंपातला, पाच किलो. म्हणाल्या, "मीठ चिकटलं नाही हो याला. नातीसाठी आहे."

आजी_७४ | १७ डिसेंबर, सकाळी ५:५०

भात मऊ शिजव आणि वर घरचं तूप घाल.

दापोलीकर | १७ डिसेंबर, सकाळी ८:१०

काल बाटलीचा प्रयोग केला. दोन पिंपांत मीठ चिकटलं. आज अंगणात घातलंय. रानकोंबडा, ते छपराचे फोटो टाकाच.